शिष्य तर झालो, पण सोमवारी सकाळी आठ वाजता करायचं काय?

मागच्या महिन्यात उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात चहा पीत उभे होतो, तेव्हा मंडळीतल्या एका पोराने, नुकतंच दृढीकरण (मोठेपणी स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचा विधी) झालंय त्याचं, सरळ विचारलं, काका, सगळे येशूचे शिष्य व्हा शिष्य व्हा म्हणतात, पण सोमवारी उठून नेमकं करायचं काय? मी पटकन म्हणालो, वचन वाच, प्रार्थना कर. तो म्हणाला, ते सात वाजता होतं हो, मग आठला काय? माझा चहा तसाच हातात राहिला.

तेव्हापासून जे सुचलं ते इथे लिहितोय. मी काही पाळक, म्हणजे पास्टर, नाही, इंदूरला सियागंजात एका होलसेल दुकानात हिशेब लिहितो, शिक्षण बीकॉम, त्यामुळे मोठं धर्मशास्त्र माझ्याकडे मागू नका. करून बघितलेल्या गोष्टी आहेत, काही जमल्या, काही अजून जमत नाहीत.

आधी एक कसोटी सांगतो, तीच पुढे सगळीकडे लावायची. आमचे आजोबा रामबागेत राहायचे आणि शेजारी एक वारकरी कुटुंब होतं. आजोबा सांगायचे की शेजारच्या काकांनी माळ घातली तेव्हा त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही, पण आठवड्याभरात मटणवाल्याला कळलं, महिन्याभरात त्यांच्याकडून उधार घेणाऱ्यांना कळलं आणि एकादशीला चहावाल्याला कळलं. माळ घातलेल्या माणसाची खबर आधी बाजाराला लागते. आपल्याकडे गळ्यात माळ नाही, फार तर क्रूस असतो आणि तो शर्टाच्या आत. म्हणून मी कसोटी अशी धरतो की आठवड्यात ज्यांच्याशी माझा व्यवहार होतो, म्हणजे सेठ, भाऊ, कचरागाडीवाला, घरी कामाला येणाऱ्या ताई, यांना मी न सांगता काही फरक पडला का? नसेल पडला तर रविवारची माझी वरच्या पट्टीतली गाणी मला लखलाभ. (मराठी ख्रिस्ती माणसाला वारकऱ्याची उपमा द्यायला लाजायचं कारण नाही बरं का, ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि नंतर येशूवर अभंगच लिहिले.)

आता सकाळ. वाचन करायचं असेल तर एक जानेवारीला बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरू करू नका, मी चार वेळा केलंय आणि चारही वेळा तिसऱ्या पुस्तकाच्या, लेवीयच्या, आसपास गाडी बंद पडली. येशूचं चरित्र सांगणाऱ्या मत्तय या पुस्तकातले ५, ६, ७ हे तीन अध्याय घ्या, डोंगरावरचं प्रवचन, सगळी मिळून १११ वचनं, सावकाश वाचलं तरी वीस मिनिटांत होतं. आठवडाभर तेच वाचा. कंटाळा येईल, येऊ द्या, चौथ्या पाचव्या दिवशी एखादं वाक्य चप्पलेतल्या खड्यासारखं टोचायला लागतं, तेच वाक्य घेऊन घराबाहेर पडायचं, बाकीची ११० नंतर. मग तसंच दुसरं पुस्तक, लूक, घ्या, २४ अध्याय आहेत, रोज एक केला तर महिना पुरतो आणि सहा दिवस चुकायला मिळतात.

भाषेचा एक प्रॉब्लेम आपल्या इंदूरच्या लोकांचा खास आहे, पोरं हिंदी नाहीतर इंग्लिश मिडीयमची, घरात मराठी बोलतात पण वाचताना अडखळतात, आणि आपण हट्टाने त्यांच्या हातात जुनं मराठी बायबल देतो. माझं मत, ज्या भाषेत भांडण करता त्या भाषेत वाचा. पंडिता रमाबाईंनी म्हातारपणी हिब्रू ग्रीकवरून आख्खं बायबल मराठीत आणलं ते याचसाठी ना, की साध्या बायकांना समजावं. त्या १९२२ ला गेल्या, काम शेवटपर्यंत चालू होतं.

प्रार्थनेचं थोडक्यात सांगतो. आमच्या घरी कुकरच्या तीन शिट्ट्या होतात, एका शिट्टीला एक नाव. पहिलं नाव घरातलं, दुसरं आजारी किंवा अडचणीतल्याचं, तिसरं ज्याचं तोंड बघावंसं वाटत नाही त्याचं. तिसऱ्या शिट्टीला काहीच सुचत नाही तर नुसतं नाव घ्यायचं, पुढचं देवाला माहिती. ही आयडिया बायकोची आहे, माझी नाही.

आता आठ वाजले. म्हणजे त्या पोराचा खरा प्रश्न.

नोकरीत सगळ्यात जास्त खोटं कुठे बोललं जातं माहितीये? फोनवर. "सांग सेठ नाहीयेत." सेठ समोर बसून पोहे खातायत, वर जिरावन टाकून, आणि मी म्हणतोय सेठजी बाहेर गेलेत. बावीस वर्षं मी हे वाक्य रोज बोललो असेन. मग एकदा मत्तयातलं ते होय म्हणजे होय आणि नाही म्हणजे नाही टोचायला लागलं. उपाय इतका साधा निघाला की माझीच लाज वाटली, आता मी म्हणतो, "सेठजी अभी बात नहीं कर पाएँगे, चार बजे लगाइए." खरं आहे, पोहे खातायत, नाही बोलू शकत. सेठना फरक कळला सुद्धा नाही. म्हणजे निम्मं खोटं आपण सवयीनेच बोलतो, त्याची गरजही नसते. तुमच्या कामात असं वाक्य कोणतं ते शोधा (दुकानदार असाल तर "घरात पडतं त्याच भावात देतोय", शिक्षक असाल तर न तपासलेल्या वहीवरची सही) आणि त्याच्या जागी बसेल असं खरं वाक्य आधीच तयार ठेवा. ऐन वेळी सुचत नाही, ऐन वेळी जुनंच तोंडातून जातं.

पण काही ठिकाणी असं वाक्य बदलून भागत नाही. एका वर्षी मला बिलावर मागची तारीख टाकायला सांगितलं. नाही म्हणायचं होतं आणि पोटात गोळा आला होता, कारण मुलीची फी भरायची होती. जे केलं ते सांगतो, कोणाला उपयोग झाला तर. एक, गिऱ्हाइकासमोर नाही बोललो, दुकान बंद करताना एकटे असताना बोललो. दोन, प्रवचन दिलं नाही, येशूचं नावसुद्धा काढलं नाही, फक्त म्हणालो की हे माझ्या हाताने होणार नाही, बाकी कितीही उशिरापर्यंत बसायला सांगा. तीन, आणि हे आधीपासून पाहिजे, त्या आधीचे सहा महिने मी वेळेवर येत होतो. रोज दहा मिनिटं उशिरा येणाऱ्याने इमानदारीची भाषा केली की लोक हसतात आणि बरोबर हसतात. झालं काय, तर आठ दिवस अबोला, ती एंट्री दुसऱ्याने केली आणि त्या वर्षी पगार वाढला नाही. चमत्कार वगैरे काही नाही. चर्चमध्ये साक्ष देताना, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगताना, लोक शेवटी प्रमोशन जोडतात ते मला आवडत नाही, ज्यांना प्रमोशन मिळालं नाही त्यांनी काय समजायचं?

आणि आधी स्वतःचं खातं बघा. मी दुकानाच्या कामाला सिटी बसने जायचो आणि पेट्रोलचे पैसे लावायचो. एका रात्री बसून हिशेब केला, जेवढं आठवलं तेवढं १८४० रुपये निघाले. दुसऱ्या दिवशी सेठसमोर ठेवले तर ते माझ्याकडे बघतच राहिले, म्हणाले "तबीयत तो ठीक है?" बायबलमधल्या जक्कय नावाच्या जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत द्यायची तयारी दाखवली होती, माझी हिंमत एकपटीवरच संपली. पण एकपट तरी द्या. अशी रक्कम परत करताना लांब कहाणी सांगू नका, दोन वाक्यात संपवा, नाहीतर समोरचा तुमचीच समजूत घालत बसतो आणि तुम्हाला माफीच्या ऐवजी कौतुक मिळतं. आणि गाडीवर क्रूस लावून पलासियाचा सिग्नल तोडू नका. क्रूस काढा नाहीतर थांबा.

आता घरचं, जे सगळ्यात अवघड. मत्तयच्या पाचव्या अध्यायात आहे की तू वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. नीट वाचा, माझ्या मनात त्याच्याविरुद्ध असं नाही म्हटलंय, त्याच्या मनात माझ्याविरुद्ध असं आहे. म्हणजे चूक कोणाची हे ठरायच्या आधीच पाय मी उचलायचा. माझा दादा आणि मी, वडिलांच्या पारसी मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांवरून चार वर्षं बोलत नव्हतो. चार वर्षं प्रभुभोजन (चर्चमधला भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घेत होतो मी, त्याच मंडळीत, तो तिसऱ्या बाकावर आणि मी सातव्या.

कसं गेलो ते सांगतो. आधी फोन केला, कट केला त्याने. मेसेज टाकला, निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. मग मी वहीत लिहून काढलं की माझी चूक नेमकी कोणती, फक्त माझी. तीन निघाल्या. खोल्यांचा वाद त्यात नव्हताच, तो वाद होता, चूक नव्हती. त्यातली मोठी ही होती की वडिलांच्या तेराव्या दिवशी पाहुण्यांसमोर मी त्याला फुकट्या म्हणालो होतो. (हो, आमच्याकडे अजून पाहुणे तेराव्याचा हिशेब ठेवतातच, चर्च काहीही म्हणो.) मंगळवारी संध्याकाळी गेलो. वहिनींनी दार उघडलं, काही बोलल्या नाहीत, बाजूला झाल्या. दादा मॅच बघत होता, मान वळवली नाही त्याने. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "दादा, त्या दिवशी सगळ्यांसमोर मी तुला फुकट्या म्हणालो ते चुकलं माझं." आणि गप्प बसलो. पुढे जिभेवर "पण" आला होता, पण तू पण तर, गिळला तो. माफी मागायची पद्धत विचाराल तर एवढीच आहे, पण च्या आधी थांबायचं. एक ओव्हर संपली, मग दुसरी. मग तो टीव्हीकडेच बघत म्हणाला, "उभा का, बस." वहिनींनी चहा ठेवला. खोल्यांचं अजून मिटलेलं नाही, वकील चालू आहे. पण आता तो सातव्या बाकावर येऊन बसतो कधी कधी, आणि माझ्याच चष्म्यातून गाण्याचा नंबर बघतो.

क्षमेबद्दल इंदूरच्या माणसाने बोलताना जपून बोलावं, कारण आपल्या जवळच फार मोठी गोष्ट घडलीये. सिस्टर राणी मारिया, केरळच्या कॅथलिक नन, देवास जिल्ह्यात उदयनगरकडे भूमिहीन शेतकऱ्यांमध्ये काम करत, सावकारांच्या तावडीतून लोकांना सोडवायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. त्यांची सख्खी बहीण, ती पण सिस्टर, २००२ ला जेलमध्ये जाऊन त्या मारेकऱ्याला राखी बांधून आली. सिस्टर राणी मारियांना धन्य (कॅथलिकांमध्ये संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं ते इथे इंदूरातच, ४ नोव्हेंबर २०१७ ला. मी प्रोटेस्टंट, पण ही गोष्ट वाचली की माझ्या दोन खोल्या एकदम लहान होतात. फक्त तारखा परत बघा, ९५ ते २००२, सात वर्षं. कोणाला आठव्या दिवशी म्हणू नका की तू ख्रिस्ती ना, मग क्षमा कर. आणि एक अगदी स्पष्ट सांगतो, नवरा मारत असेल तर त्या बाईला सहन कर, क्रूस उचल असं सांगणारा माणूस येशूचा शब्द चुकीच्या जागी लावतोय. तिला १८१ नंबर द्या, महिला हेल्पलाइन आहे, नाहीतर ११२ लावा आणि रात्री आपल्या घरात झोपायला जागा द्या. क्षमा तिची ती करेल, तिच्या वेळेला.

मदत करताना गळ लावू नका. आजाऱ्याला डबा दिला तर डबाच द्या, आत पत्रक नको. आपल्या मध्यप्रदेशात २०२१ चा धर्म स्वातंत्र्य कायदा आहे, प्रलोभन देऊन धर्मांतर हा त्यात गुन्हा आहे, पण मी कायद्याच्या भीतीने नाही म्हणत. लूकच्या १७ व्या अध्यायात येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, परत आला एकच, आणि जे नऊ आले नाहीत त्यांचा रोग काही परत आणला नाही त्याने. कोणी स्वतःहून विचारलं की तुम्ही हे का करता, तर खरं ते सांगा, दोन मिनिटांत, आणि पुन्हा डबा धुवून न्यायला जा. एमवाय हॉस्पिटलच्या वॉर्डात नातेवाईकासोबत रात्र काढलेल्याला विचारा काय लागतं, तो म्हणेल फोनचा चार्जर, गरम चहा आणि दोन तास बेडजवळ बसणारं कोणीतरी म्हणजे मला झोपता येईल. यातलं काहीच महाग नाही.

फोनवरचं थोडं. फॅमिली ग्रुपवर कुठल्याही समाजाबद्दल काही आलं की दहा मिनिटं हात लावायचा नाही. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा फॉरवर्डला पण लागू आहे, मी फक्त पुढे ढकललं हे कोर्टात चालत नाही, तिथे तरी कसं चालेल. आणि हो, "आपल्या लोकांवर" आलेला मेसेज असला तरी तोच नियम.

कचरा. हसू नका. इंदूर २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वेळा स्वच्छतेत पहिलं आलं (शेवटचं सुरतबरोबर वाटून), ते आपण फेकलेलं कोणीतरी हाताने वेगळं करतं म्हणून. फुटलेला ग्लास सुक्या कचऱ्यात तसाच टाकला की गाडीवरच्या पोराचा हात कापतो. पेपरात गुंडाळा, वर दोरी बांधा आणि देताना सांगा, "भिया, काँच है." शेजाऱ्यावर प्रेम करायला रोज सकाळी गाणं वाजवत गाडी दाराशी येते, अजून काय पाहिजे.

सणांचं लोक नेहमी विचारतात. गणपतीत शेजारच्या काकू मोदक घेऊन येतात, काय करायचं? बायबलमध्ये पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्यावर दोन मोठे भाग लिहिलेत, मंडळीतही दोन मतं आहेत, मी निकाल द्यायला बसलो नाही. एवढंच म्हणतो की ताट दारातून परत पाठवू नका, बसवा, पाणी द्या, आणि ताट रिकामं परत करू नका, मराठी घरात ते बरं दिसत नाही. खायचं की नाही ते नंतर तुमच्या विवेकाशी बोला. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीला, मी जातो, राजवाड्यावर भिजून येतो, उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) जवळपास आली तर बायको डोळे वटारते तेवढंच.

आता शेवटचं, जे मला सगळ्यात उशिरा दिसलं.

आमच्याकडे धुणीभांडी करायला ताई येतात, नऊ वर्षं झाली. त्यांचा कप वेगळा होता. पांढरा, कानाचा तुकडा उडालेला, फ्रिजवर उपडा ठेवलेला. कोणी ठरवून ठेवला नव्हता, आईच्या वेळेपासून तिथेच होता, आणि आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. योहानचा चौथा अध्याय मी शंभर वेळा ऐकला असेल, शोमरोनी बाई विहिरीवर, येशू पाणी मागतो, ती चकित होते. एका रविवारी पाळकसाहेबांनी सहज सांगितलं की यहूदी लोक शोमरोन्यांची भांडी वापरत नसत, आणि येशूकडे स्वतःचं भांडंच नव्हतं, म्हणजे प्यायचं तर तिच्याच भांड्याने. मला पुढचं काही ऐकूच आलं नाही, डोळ्यासमोर फ्रिजवरचा कप.

घरी येऊन कप टाकला, आणि पगाराचं पण बसून ठरवलं. बायबलच्या अनुवाद नावाच्या पुस्तकात लिहिलंय की मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत दे, आणि आम्ही "सात तारखेला घ्या ना ताई" म्हणणारे. आता एक तारखेला, सकाळीच, चहाच्या आधी. महिन्याला चार सुट्ट्या, न कापता. तब्येत बिघडली तर त्या वेगळ्या. दिवाळीचा बोनस मागायच्या आत. तुम्ही ठरवाल तेव्हा कागदावर लिहून फ्रिजला लावा, म्हणजे महिनाअखेरीला हात आखडता घेता येत नाही.

कपाचं मात्र आम्हाला वाटलं तेवढं सोपं नव्हतं. आमच्यातल्या कपात चहा दिला तर ताईंनी तो घेतलाच नाही, म्हणाल्या, "मेरा वाला कहाँ गया?" बायको म्हणाली फुटला. (हे पण खोटंच, मला नंतर लक्षात आलं, मी टाकला होता.) तीन आठवडे त्या चहा न पिता गेल्या. आम्ही कोणी आग्रह केला नाही, फक्त रोज आमच्यासोबत त्यांचाही ओतायचा, तोच निळ्या फुलांचा सेट. चौथ्या आठवड्यात एकदा घेतला, उभ्यानेच, दाराशी. मग स्वयंपाकघरातल्या स्टुलावर. परवा बसून दोन घोट घेतले आणि कप खाली ठेवला, तोंड वाकडं करून बायकोला म्हणाल्या, "भाभी, शक्कर कम है."